बखरीशी वाद घालणारा वाचक

इतिहासाचे पुस्तक हाती आले असता ते आवडीने वाचून संपविणारे वाचक पुष्कळ असतात, आणि त्यातील लढायांनी रोमांचित होऊन अंगणात लाकडी तलवार परजणारी मुले तर महाराष्ट्रात घरोघर सापडतील. परंतु ऐन तारुण्यात वाचलेल्या एका ग्रंथाने ज्याचे चित्त असे धरून ठेवले की, त्या ग्रंथाचे ऋण मान्य करीत करीत त्याचे दोष शोधणे आणि त्याच्या मागे दडलेले मूळ कागद उजेडात आणणे हे ज्याचे पुढे व्रतच होऊन बसले, असा वाचक विरळा. नीलकंठ जनार्दन कीर्तने हे असे वाचक होते. १८४४ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या या तरुणाने १८६७ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, पुण्यातील तरुणांच्या एका सभेपुढे एक निबंध वाचला; आणि मराठी माणसाने आपल्या इतिहासाची साधने आपण शोधावी, तपासावी व छापावी, या विचाराला महाराष्ट्रात जी पुढे चळवळीची थोरवी आली, तिचा उगम बहुतेक अभ्यासक त्या निबंधापाशी नेऊन पोचवितात.

ज्या ग्रंथाने हे सर्व घडविले तो जेम्स ग्रँट डफ या स्कॉटिश अधिकाऱ्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास. लंडनमध्ये १८२६ साली तो तीन खंडांत प्रसिद्ध झाला. सोलापूरच्या वाचकाने या ग्रंथाकडे काहीशा आपलेपणाने पाहावे असे मला नेहमी वाटत आले आहे. कारण तो लिहिला जाण्यासारखी परिस्थिती ज्या प्रसंगाने निर्माण झाली, तो प्रसंग आपल्याच जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातील आष्टीच्या शिवारात घडला. फेब्रुवारी १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजी फौजांपुढे मजल दरमजल पळत असता सातारचे छत्रपती प्रतापसिंह, त्यांच्या मातोश्री आणि बंधू यांनाही त्याने आपल्या लष्कराबरोबर जवळजवळ नजरकैदेतच फिरविले होते. जनरल स्मिथच्या घोडदळाने आष्टीजवळ या लष्कराला गाठले, पेशव्याला निसटून जाण्याइतकी उसंत मिळावी म्हणून बापू गोखले पिछाडी सांभाळीत उभा राहिला व तेथेच पडला, आणि त्या धामधुमीत छत्रपतींचे कुटुंब इंग्रजांच्या हाती आले. पुढच्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या तोफांपुढे सोलापूरचा भुईकोटही खाली झाला. पेशवाईचा मुलूख खालसा करताना छत्रपतींसाठी साताऱ्यास एक लहानसे राज्य राखावे, असे इंग्रजांचा दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याने ठरविले. प्रतापसिंहांना एप्रिलमध्ये गादीवर बसविले, आणि त्यांच्या दरबारी इंग्रज सरकारचा मुखत्यार म्हणून तिशीही न गाठलेल्या कॅप्टन जेम्स ग्रँटची नेमणूक केली. ‘डफ’ हे उपनाम त्याला पुढे मायदेशी वारसाहक्काने मिळकत मिळाल्यावर जोडले गेले. आष्टीची लढाई वेगळी झाली असती, तर सातारचे ते राज्य उभे राहिले नसते, आणि छत्रपतींचे दप्तर एका परकी अधिकाऱ्याच्या मेजावर उलगडले गेले नसते.

या माणसाने केलेल्या श्रमांविषयी मात्र मन मोठे करून बोलले पाहिजे. राज्यकारभाराची सर्व उस्तवार आटोपल्यावर उरलेल्या वेळात तो सनदा, तहनामे, कैफियती व बखरी मिळवी, जाणत्या कारकुनांकडून त्या वाचवून घेई, पुण्यास सापडलेल्या पेशव्यांच्या दप्तरातील कागद पाही, फार्सी तवारिखांशी ते ताडून बघे, जुन्या घराण्यांतील वृद्ध माणसांना प्रश्न विचारी. आणि हे करीत असता तासन् तास टिकणाऱ्या तीव्र मस्तकशूळाने तो पिडलेला असे, हे त्याने स्वतःच आपल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. प्रकृती ढासळल्यामुळे हिंदुस्थान सोडून स्वदेशी परतल्यावर त्याने ग्रंथ पुरा केला. ज्या लोकांच्या हातून हिंदुस्थानचे राज्य इंग्रजांनी मुख्यत्वे घेतले, त्या मराठ्यांचे नाव तेव्हाच्या इंग्लंडात बहुतेकांना ठाऊकही नव्हते, आणि ग्रंथाला दुसरे, अधिक खपाऊ नाव द्यावे ही प्रकाशकाची सूचना डफने मानली नाही. एल्फिन्स्टनविषयीची त्याची निष्ठा इतकी की, आपल्या मुलाचे नाव त्याने माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन असेच ठेवले. तोच मुलगा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला.

डफचा ग्रंथ मराठीत यावयास फार काळ लागला नाही. कॅप्टन डेव्हिड केपन याने बाबा साने यांच्या साहाय्याने त्याचे भाषांतर केले आणि १८३०च्या सुमारास ते ‘मराठ्यांची बखर’ या नावाने मुंबईत छापले गेले. याचा परिणाम काय झाला असेल त्याची कल्पना आज करणे सोपे नाही. तोवर मराठ्यांचा इतिहास हस्तलिखित बखरींत, पोवाड्यांत, दप्तरखान्यातील मोडी रुमालांत आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणींत विखुरलेला होता. तो एकसलग, सालवार, छापील बाळबोध अक्षरांत प्रथमच वाचावयास मिळाला, आणि तोही जेत्यांपैकी एकाने लिहिलेला. पेशवाई बुडाल्यानंतर जन्मलेल्या दोन पिढ्यांच्या मनात शिवाजी, संभाजी, शाहू, बाजीराव, माधवराव यांच्या ज्या मूर्ती उभ्या राहिल्या, त्या पुष्कळ अंशी डफच्या ग्रंथावरून घडलेल्या होत्या. आजोबांच्या तोंडची हकीकत एक आणि पुस्तकातील हकीकत दुसरी, असा पेच कित्येकांना पडला असेल, आणि बहुतेकांनी छापील अक्षरापुढे मान तुकविली असेल. कारण छापील अक्षर हे त्या काळी सरकारी हुकुमाइतकेच वजनदार होते.

कीर्तने यांनी मान तुकविली नाही, आणि आपल्याला न रुचणारे पुस्तक भिरकावूनही दिले नाही. या दोहोंपेक्षा पुष्कळ अवघड असा तिसरा मार्ग त्यांनी पत्करला. आपल्या निबंधात डफच्या परिश्रमांची त्यांनी वाखाणणी केली, आणि मग एक साधा परंतु तोवर कोणी उघडपणे न विचारलेला प्रश्न उभा केला: ग्रंथकाराला हे कळले कशावरून? ज्या कागदांवरून त्याने लिहिले ते कागद वाचकापुढे नाहीत. मग त्याने त्यांतून काय घेतले, काय गाळले, आणि दोन साधनांत विरोध आला तेव्हा एकावर विश्वास ठेवून दुसरे का टाकले, हे वाचकाने ठरवावे कसे? आपल्या जवळच्या लेखांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे डफने तळटीपांतून जागोजाग सांगितले आहे, पण पुढे ज्यांनी त्या नकलांचा शोध केला त्यांना त्या मिळाल्या नाहीत. डफने काम झाल्यावर कागद जाळून टाकले, अशीही वदंता महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. तिच्यावर विश्वास ठेवण्याजोगे मला काही आढळलेले नाही; नकला सुरक्षित राहाव्या म्हणून संस्थेच्या स्वाधीन करणारा मनुष्य मूळ लेख जाळील, हे संभवनीय वाटत नाही. परंतु कागद नाहीसे झाले ही गोष्ट खरी, आणि कीर्तने यांचा प्रश्न त्यामुळे अधिकच मर्मभेदक ठरतो.

याचे ठळक उदाहरण अफजलखानाच्या प्रसंगाचे. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली झालेल्या त्या भेटीत प्रथम वार कोणी केला, या प्रश्नावर मराठी बखरी आणि फार्सी तवारिखा यांची साक्ष परस्परविरुद्ध आहे. खानाने आलिंगनाच्या मिषाने मान दाबून कट्यार चालविली आणि मग शिवाजीने त्याला मारले, असे बखरकार सांगतात. डफने विश्वास ठेवला तो दुसऱ्या बाजूच्या हकीकतीवर, आणि शिवाजीच्या माथी विश्वासघाताचा ठपका ठेवला. पंढरपुरावरून खानाची स्वारी आल्याचे बखरींत वर्णिलेले असल्यामुळे हा प्रसंग आपल्या जिल्ह्यालाही पारखा नाही. कीर्तने यांनी डफच्या निर्णयावर घेतलेला आक्षेप अभिमानातून आला होता यात शंका नाही, आणि तरुण वयात असा अभिमान असावाही. परंतु त्यांनी तो निव्वळ संतापाने मांडला नाही. एका बाजूच्या लेखकांना त्यांच्या धन्याची बाजू होती तशी दुसऱ्या बाजूच्यांनाही होती, तेव्हा एकाची साक्ष निर्विवाद आणि दुसऱ्याची त्याज्य असे मानण्याला कारण दाखविले पाहिजे, असा न्यायसभेत शोभण्यासारखा त्यांचा रोख होता. याशिवाय डफच्या कालनिर्णयाविषयी त्यांना शंका होत्या. आणि त्याचा ग्रंथ मोहिमा, तह व राजकारणे यांनी भरलेला असून लोकांची रीतभात, राज्यव्यवस्था, विद्या व धर्म यांना त्यात फारसे स्थान नाही, ही उणीवही त्यांनी दाखविली. आज ही टीका कोणाही विद्यार्थ्याला परिचित वाटेल. १८६७ साली, ज्या सरकारच्या कॉलेजात आपण शिकतो त्याच सरकारच्या एका नामांकित अधिकाऱ्याच्या ग्रंथाविषयी ती सभेत उभे राहून करणे, याला निराळे धैर्य लागत होते.

निबंध मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ पत्रात छापून आला आणि पुढे पुस्तकरूपानेही निघाला. परंतु कीर्तने यांचे मोठेपण मला दिसते ते त्यानंतरच्या त्यांच्या वर्तनात. मूळ साधने छापली पाहिजेत असे दुसऱ्यांना सांगून ते स्वस्थ बसले नाहीत. मल्हार रामराव चिटणीसाने लिहिलेल्या बखरी त्यांनी संपादून प्रसिद्ध केल्या, आणि रणथंभोरच्या हम्मीर राजावरील नयचंद्रसूरीचे ‘हम्मीरमहाकाव्य’ १८७९ साली छापवून संस्कृत साधनांकडेही अभ्यासकांचे लक्ष वेधले. विशीत वाचलेल्या ग्रंथाने लावलेले वेड पस्तिशीतही उतरले नव्हते, इतके यावरून निश्चित म्हणता येते.

पुढची कथा बहुश्रुत वाचकांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू करून बखरी व पत्रे यांचे महिन्याच्या महिन्याला प्रकाशन आरंभिले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी वाईस सापडलेल्या पत्रांवरून पानिपतच्या काळाचा पहिला खंड १८९८ साली काढला, आणि पुढे गावोगाव पायपीट करून जमविलेल्या कागदांचे असे बावीस खंड महाराष्ट्राला दिले. भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात १९१० साली स्थापन झाले. ज्या पेशवे दप्तराची दारे हिंदी अभ्यासकांना कित्येक वर्षे बंद होती, त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या अवधीत बाहेर पडले. कालनिर्णयाविषयी कीर्तने यांनी घेतलेल्या शंका किती रास्त होत्या हेही याच ओघात दिसून आले. शिवाजी महाराजांचा जन्म डफने मे १६२७ मध्ये घातला होता. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी निघालेल्या आणि लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या शकावलीत तो शके १५५१च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी नोंदलेला आढळला, आणि आज शासनाने तीच तारीख ग्राह्य धरलेली आहे. एका देशमुखाच्या घरात जपून ठेवलेल्या जुन्या टिपणाने तीन खंडांच्या ग्रंथातील नोंद दुरुस्त केली.

अशा रीतीने डफचा ग्रंथ पदोपदी दुरुस्त होत गेला, म्हणून तो टाकाऊ ठरला काय? मला तसे वाटत नाही, आणि सोलापूरच्या तरुण वाचकाने तर तो अवश्य हाती घ्यावा. आपल्या रोजच्या वाटेवरील स्थळे अशा जुन्या ग्रंथांत निराळ्याच तेजाने उजळलेली दिसतात. सिद्धेश्वर तळ्याकाठी संध्याकाळी फिरताना ज्या किल्ल्याची तटबंदी आपण नित्य पाहतो, तो किल्ला विजापूरच्या इस्माइल आदिलशहाने आपल्या बहिणीच्या विवाहात अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला देऊ केला आणि मग दिला नाही, यावरून दोन्ही शाह्यांत पिढ्यान् पिढ्या रक्त सांडले, ही हकीकत फिरिश्ता या फार्सी इतिहासकाराच्या तवारिखेत आहे. मंगळवेढ्याचा किल्ला १६६५ साली मिर्झाराजा जयसिंहाच्या विजापूरच्या मोहिमेत मोगलांकडून लढणाऱ्या शिवाजीच्या सैन्याने घेतला. माचणूरजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीस औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षे एखाद्या नगरासारखी पसरलेली होती, आणि दख्खन जिंकावयास निघालेला तो वृद्ध बादशहा तेथून मराठ्यांच्या किल्ल्यांवर मोहिमांचे हुकूम काढीत होता. माचणूरच्या सिद्धेश्वर मंदिराच्या पायऱ्यांवर बसून नदीचे पात्र न्याहाळणाऱ्यांपैकी कितीजणांना ही छावणी डोळ्यांपुढे दिसत असेल? ग्रंथ वाचून मग स्थळ पाहावे, स्थळ पाहून पुन्हा ग्रंथ उघडावा, आणि दोहोंत न जुळणारे काही आढळले तर तेथे थांबावे. इतिहासाची गोडी अशाच ठिकाणी लागते.

आणि एकाच घटनेच्या दोन कागदी कथा असू शकतात, हे सोलापूरकराला परक्याने शिकवावयास नको. मे १९३० मध्ये या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला, त्या दिवसांचे वर्णन सरकारी अहवालांत एका प्रकारे येते आणि येथील घराघरांतील स्मृतीत दुसऱ्या प्रकारे. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर गेले, ते एका दप्तरात गुन्हेगार आणि दुसऱ्यात हुतात्मे. डफच्या पानांपुढे बसलेल्या त्या पुण्याच्या विद्यार्थ्याला पडलेला प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांनाही याच गल्ल्यांतून पडलेला होता.

कीर्तने यांच्या मार्गाने चालणारे लोक विद्यापीठांतच जन्मतात असे नाही, याचेही उत्तम प्रमाण सोलापूरनेच दिले आहे. आनंद नागप्पा कुंभार हे येथील वीज मंडळात नोकरी करणारे गृहस्थ. शिलालेखांच्या ओढीने ते जिल्ह्यातील खेडी धुंडाळीत राहिले, कानडी व मराठी लेखांचे ठसे घेत राहिले, आणि धारवाडचे विद्वान श्रीनिवास रित्ती यांच्यासह सोलापूर जिल्ह्यातील शिलालेखांचा संग्रह १९८८ साली त्यांनी सिद्ध केला. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वराच्या मंदिरातील शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८, असा स्पष्ट काल असलेला मराठी लेख त्यांनी प्रकाशात आणला. मराठीतील आद्य कालोल्लेखयुक्त लेखांत आज त्याची गणना होते. त्या लेखाच्या अखेरच्या शब्दांचा आशय, हे जो वाचील तो विजयी होईल, असा लावला जातो. हजार वर्षांपूर्वी भीमेच्या काठी कोणा अज्ञात लेखकाने वाचकाला दिलेला हा आशीर्वाद आपल्याच जिल्ह्यात दगडावर उभा असावा, याचा मला मनापासून आनंद आणि अभिमान वाटतो. कुंभार २०१९ साली निवर्तले. त्यांच्या कार्याची ओळख शाळाशाळांतून व्हावयास हवी होती तेवढी झालेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रंथाशी असे दीर्घ नाते जडावयाचे तर ग्रंथ लहानपणीच हाताशी आला पाहिजे. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी ग्रंथालये या शहरात आहेत. तेथे इतिहासाच्या कपाटापुढे रेंगाळणारा मुलगा वा मुलगी दिसली, तर परीक्षेच्या उपयोगाचे दुसरे पुस्तक तिच्या हाती देण्याची घाई वडीलधाऱ्यांनी करू नये. तिने प्रश्न विचारला, तर उत्तर ठाऊक नसताही तो प्रश्न मोडून काढू नये. मोडी लिपी चारदोन महिन्यांच्या अभ्यासाने वाचता येऊ लागते. ज्याला इतिहासाचे खरे वेड आहे त्याने कॉलेजात पाऊल टाकण्यापूर्वीच ती शिकावी.

शेवटी एक विनंती, आणि ती विशेषतः पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला, करमाळा, बार्शी या बाजूच्या जुन्या वाडेकऱ्यांना. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील, बडवे, महाजन अशा वतनदार घराण्यांच्या माळ्यांवर मोडी कागदांचे रुमाल आजही पडलेले आहेत. वाडा पाडून नवी इमारत उभारताना ते रद्दीत जातात, नाहीतर वाळवीच्या तोंडी पडतात. जमिनीच्या वादात उपयोगी पडणार नाहीत म्हणून ते निरुपयोगी आहेत असे समजू नका. जेध्यांच्या घरचे टिपणही कोणाच्या जमिनीच्या उपयोगाचे नव्हते. रुमाल सोडून कोरड्या जागी ठेवा, कागदांना चिकटपट्टी लावू नका, त्यांची छायाचित्रे काढून घ्या, आणि मोडी जाणणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला, सोलापूरच्या विद्यापीठाला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला ते दाखवा. मालकी तुमचीच राहू द्या. वाचन मात्र होऊ द्या.